आक्काची सिनेमातली पाठ

माझी थोरली बहीण, आक्का, आयुष्यभर पडदे शिवत आली. तिचं हसू मात्र कशाच्याच आड राहत नाही. एकदा सुरू झालं की खांदे गदगदतात, डोळ्यांतून पाणी वाहतं आणि शेजारचाही कामातून जातो.

एका सिनेमासाठी तिने दिवाणखान्याचे पडदे शिवले. गडगंज माणसांचं आयुष्य आतून किती पोकळ असतं, असा काहीसा विषय. भाऊजींना घेऊन ती पडदे टांगायला गेली, तर मेजवानीच्या प्रसंगासाठी ठरलेलं वयस्क जोडपं आलंच नव्हतं. दिग्दर्शकाने या दोघांनाच भारी कपडे चढवून सोफ्यावर बसवलं. आक्काने लगेच अख्ख्या गल्लीला फोन केले.

पण अशा प्रसंगात पाहुण्यांनी नुसते ओठ हलवायचे असतात, म्हणजे नायिकेचं बोलणं स्वच्छ टिपलं जातं. सगळे पाहुणे सरबताचे पेले धरून बिनआवाजी गप्पा मारू लागले. एक गृहस्थ तर बिनआवाजी खो खो हसत होते. भाऊजींनीही ओठ हलवले. आक्का फिस्सकन हसली.

“कट! आजी, काय झालं?”

“काही नाही रे. यांचं बोलणं ऐकू न येण्याचं सुख आज पहिल्यांदाच मिळालं.”

“आणि हिचं तोंड चालू असून शांतता!” भाऊजी म्हणाले. “मला रोज बोलवा हो.”

दिग्दर्शक हसला नाही. “आजी, तुमच्याकडे सगळं आहे, पण कशातच मन रमत नाही. तसा चेहरा करा.”

आक्काने केला.

“दाढ दुखतेय का गं?” भाऊजींनी विचारलं. पुन्हा कट.

असं होता होता दिग्दर्शक वैतागला. “यांना उठवा. दुसरं कुणीतरी बसवा.”

आक्काचा चेहरा खर्रकन उतरला. “अरे बाळा, गल्लीभर सांगून बसलेय मी! कुठेही बसव, पण काढू नकोस.”

त्याने कपाळाला हात लावला आणि सोफाच उलटा फिरवला. दोघांच्या पाठी कॅमेऱ्याकडे आल्या. नायिका बोलत राहिली, भाऊजी ताठ बसून राहिले, आक्काने तोंडात रुमाल कोंबला आणि प्रसंग पार पडला.

सिनेमा लागला तेव्हा सारी गल्ली थिएटरात होती, मीही. मेजवानी आली. सोफ्यावर एक श्रीमंत बाई पाठमोरी बसलेली, खांदे गदगदताहेत. शेजारी नवरा ढिम्म.

पुढच्या रांगेतली अनोळखी बाई मुसमुसत म्हणाली, “एवढा पैसा, आणि बिचारी कशी रडतेय! तो मेला बघतसुद्धा नाही.”

“मी मेला?” भाऊजी पुटपुटले.

गल्लीतली इस्त्रीवाली डोळे पुसत आक्काकडे वळली. “पाठीवरूनच ओळखलं हो तुम्हाला. काय काम केलंत!”

“जमलं बाई कसंबसं,” आक्का गंभीरपणे म्हणाली. मग माझ्या कानाशी लागली, “त्या पुढच्या बाईला खरं सांगू का रे?”

“नको,” मी म्हणालो. “किती मजेत रडतेय ती.”