सासऱ्यांची दुनळी

ऐंशी पूर्ण झाल्यावर माझ्या जपानी सासऱ्यांनी बंदूक सोडायचं ठरवलं. हे कळल्यावर पुण्याहून दादाने लगेच फोन केला.

"विकू देऊ नकोस गं! परदेशात लोक जुन्या बंदुका सोन्यासारख्या घेऊन ठेवतात. भाव चढतच जातो. गुंतवणूक आहे ती."

मला ते पटलं. सासरे इथे जपानात, चिबाच्या डोंगराकडच्या एका गावात भातशेती करतात. तरुणपणी रानडुकरांनी दोन वर्षं पीक उलथवलं, तेव्हा ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे घालून त्यांनी ही दुनळी घेतली होती. तिचा अक्रोडाचा दस्ता अजून चकाकतो. आम्ही शहरातल्या आमच्या घरून, उरायासुहून, गेलो की ते ती लांबूनच दाखवायचे. इथे परवाना एका माणसाला आणि एकाच बंदुकीसाठी मिळतो. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, सुनेनेही नाही.

सासरे आणि मी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

"फार जपलीत तुम्ही," तो म्हणाला, "पण घेणार कोण? शिकारी म्हातारे झालेत. मी घेतली तरी शेवटी कापून भंगारात काढावीच लागेल, आणि कापण्याचा खर्च तुम्हालाच द्यावा लागेल."

"भाव वाढेपर्यंत घरीच ठेवली तर?" मी विचारलं.

"न वापरता? मग परवाना जाईल. दर वर्षी पोलीस बंदूक तपासतात, गोळ्या कुठे झाडल्या ते विचारतात. नुसती ठेवायला म्हणून इथे बंदूक मिळत नाही."

परतताना सासरेच गाडी चालवत होते. म्हणाले, "किंमत येणार नाही हे माहीत होतं. पण कापणार म्हणाला..."

"ओतोसान," मी त्यांना जपानीत 'बाबा' अशी हाक मारली, "मी परवाना काढला तर?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "तू शहरात, तोयोसुतल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतेस."

"शनिवार-रविवार मोकळीच असते की मी."

ते हसले नाहीत. "अभ्यास जपानीतून आहे," एवढंच म्हणाले.

पहिल्या लेखी परीक्षेत मी नापास झाले. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, ट्रेनमध्ये पुस्तक उघडून पुन्हा बसले. दुसऱ्यांदा पास झाले. डॉक्टरचा दाखला आणला, रेंजवरची नेमबाजीची परीक्षा दिली, शिकारीचा वेगळा परवानाही काढला. पोलिसांनी नवऱ्याला विचारलं, शेजारणीला विचारलं. मला विचारलं, "बंदूक कशाला हवी?" मी म्हटलं, "भात वाचवायला."

सासऱ्यांना दुनळी माझ्या हातात देता येत नव्हती, म्हणून त्यांनी तेवढ्याच लांबीचा बांबू तोडून त्यात वाळू भरली. अंगणात उभं करून ते तासन्‌तास शिकवायचे. "गाल टेकव. खांदा सैल. घाई कुणाला आहे?"

सगळे कागद पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांवर धरून मला दिली आणि वाकून नमस्कार केला. माझ्यापुढे की तिच्यापुढे, मला कळलं नाही.

हिवाळ्यात गावच्या शिकाऱ्यांनी मला बांधावर उभं केलं. कुत्र्यांनी हाकललेलं रानडुक्कर समोरून धावत आलं. नेम अचूक धरला होता, पण त्याच्या मागे रस्ता होता. मी चापावरून बोट काढून घेतलं. डुक्कर निसटलं. दिवसभराची धावपळ वाया गेली म्हणून गटाचा म्होरक्या कुरकुरला.

बघायला आलेले सासरे काठी टेकत पुढे आले. "आमच्या सुनेने आज गोळी झाडली नाही," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "एवढं शिकायला मला दहा वर्षं लागली."

आयुष्यात मला बढत्या मिळाल्या, बक्षिसं मिळाली. पण त्या चिखलात उभी असताना वाटला तेवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

पंधरा दिवसांनी मी पहिलं रानडुक्कर पाडलं. त्या जनावरापुढे मी क्षणभर डोळे मिटून उभी राहिले, मग इतरांबरोबर ओढायला लागले.

पुढच्या हंगामात सासऱ्यांचं खाचर कापणीपर्यंत शाबूत राहिलं. नव्या तांदळाचं पहिलं छोटं पोतं ते स्वतः ट्रेनने घेऊन आले आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरापर्यंत मला हात लावू न देता त्यांनीच चढवलं.