डाव्या हाताची गिटार

हसायचं तर हसा, पण आधी चहा घ्या आणि पूर्ण ऐका. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतोय. अशा माणसानं स्वतःच्या घरात काय करून ठेवलं, ते सांगतो.

माझी मुलगी सई डावखुरी. लिहिते डाव्या हातानं, टेबल टेनिस खेळते डाव्या हातानं, कैरीसुद्धा चिरते ती डाव्याच हातानं. शाळेपासून ती गिटार वाजवते. म्हणजे आपल्या खोलीत, दार लावून. गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिची साधी गिटार बरोबर नेली. एकदा फोनवर म्हणाली की कॉलेजच्या मुलांबरोबर वाजवायचं तर इलेक्ट्रिक गिटार लागते.

झालं. मी ठरवलं, दिवाळीत ती घरी येईपर्यंत गिटार स्वतः बनवायची. आणि डावखुऱ्या मुलीसाठी डाव्या हाताचीच बनवायची. दुकानात बघावं तर सगळ्या गिटारी उजव्यांसाठी. लेकीनं इतकी वर्षं किती अडचण सोसली असेल, या विचारानं मी तसाच दुकानाबाहेर पडलो. खरंच सांगतो.

बायको, मनीषा, एवढंच म्हणाली की तिला एकदा विचारून तरी घ्या. मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं?

आमच्या कॉलनीमागे भास्करदादा मिस्त्री देव्हारे बनवतात. मूळचे निफाडकडचे. त्यांनी शिवणीच्या लाकडाची छान फळी काढून दिली, हलकी आणि न वाकणारी. मी नेटवरचा आराखडा आरशात दिसावा तसा उलटा करून कागदावर काढून नेला होता. त्यांनी तो खालून वरून पाहिला.

"भाऊ, ह्ये उलटं नाय वाटत?"

मग मी त्यांना डावखुऱ्या माणसांच्या हालअपेष्टांवर अर्धा तास भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पोरीला वाजवताना बघितलं असंलच तुम्ही."

"माझीच मुलगी आहे ती," मी म्हणालो. आता वाटतं, हे काही उत्तर होतं का?

गिटारीची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, मी तयार मागवली. डाव्या हाताची म्हणून ती यायलाच महिना लागला. ती धडात बसवायला खाच कोरावी लागते. मी व्हर्नियरनं मापं घेऊन कोरली. मान आत जाईना. खाच जरा घासली. तरी जाईना. अजून घासली, तर मान इतकी सैल बसली की आजोबांच्या दातासारखी डुगडुगायला लागली. शेवटी भास्करदादांनी लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून खाच भरली आणि चार स्क्रूंनी मान आवळून दिली.

मग रंग. काळ्या द्राक्षाचा रंग, वर चकाकीसाठी लॅकर. पहिला हात गच्चीवर मारला त्या दिवशी हवा दमट होती. सकाळी बघतो तर खऱ्या द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक आलेली. घासून काढली, पुन्हा मारला. त्याला चिलटं चिकटली. पुन्हा घासलं. असे सात हात झाले. बोटांची कातडी इतकी झिजली की कारखान्यातलं हजेरीचं मशीन मला ओळखेना.

पाडव्याला मी भास्करदादांना, मनीषाच्या आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना फराळाला बोलावलं. सईनं गिटार पाहिली, मला मिठी मारली, तिचे डोळे भरून आले. सगळे म्हणाले, वाजव. तिनं पट्टा गळ्यात घातला आणि वाजवायला लागली. एक सूर फाटका, दुसरा त्याहून फाटका. बोटं चाचपडत होती. मंडळी चकल्यांकडे बघायला लागली.

आणि माझ्यातला तपासणी विभाग जागा झाला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "सई, हॉस्टेलला गेल्यापासून सराव सोडलास वाटतं."

ती खाली बघत म्हणाली, "करीन, बाबा."

पुढचे दोन दिवस बंद दारामागून पहिल्या इयत्तेतल्या पोरानं वाजवावं तसे सूर येत होते. तिसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? तिच्यासाठी सरावाचं वेळापत्रक लिहून आत घेऊन गेलो. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"बाबा, मी गिटार उजव्या हातानं वाजवते. पहिल्या दिवसापासून. गिटारच्या सरांनी तसंच शिकवलं."

मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"तुमची बोटं बघितली मी. म्हटलं, डाव्या हातानं शिकून घेऊ."

मी तिथून उठलो तो तडक भास्करदादांकडे. तारा उलट्या लावून चालेल का, विचारलं. त्यांनी गिटार फिरवून बघितली. धडाचा आकार उलटा पडणार, बटणं कोपराखाली येणार. नाय जमायचं, म्हणाले. शिवणीची आणखी एक फळी होती त्यांच्याकडे, पण ती काही त्यांनी लगेच दिली नाही. आधी पोरीला वाजवताना बघून या, म्हणाले.

सईनं जुनी गिटार पुण्याहून बरोबर आणली होती. मी तिच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसलो. तिनं उजव्या हातानं तारा छेडल्या, इतक्या सहज की मला स्वतःचीच लाज वाटली. थोड्या वेळानं ती गायला लागली. आवाज तर ओळखीचा होता, बंद दारामागून नेहमी यायचा तोच.

इतकी वर्षं दाराबाहेरून मीच ओरडत आलो होतो, "सई, गिटार वाजव, पण तो मोबाईल बंद कर!"