शेठचा सोमवार

आमचे शेठ स्वतः दोनच कामं करायचे. जेवायचे आणि घोरायचे. बाकी सगळ्याला माणूस पाठवायचे. विमानतळासाठी जमीन गेली, पैसा आला, उलव्यात त्यांच्या नावाच्या इमारती उगवल्या आणि शेठचा संसार दोन शब्दांवर चालू लागला: "मानूस धाडतो." लग्न असो, मयत असो, मानूस धाडतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तर ड्रायव्हर बबनला जिममध्ये धाडलं. बबन वाळून काटकी झाला, आणि शेठ स्वतःच्या पोटावर थाप मारून आम्हाला विचारायचे, "फरक परला ना?"

शेठचा सोमवारही बबनच धरायचा. हा समोर बसून वरीचे तांदूळ गिळतोय आणि शेठ तळलेले बोंबील मोडतायत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. "देवाला उपास पोचला म्हंजे झालं," शेठ म्हणायचे. "पोट कोनाचं, ते देव बघत नाय."

पुढे शेठचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेले. नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेठ, घरात हा आजार आहे. आतून दुर्बिणीनं बघून घेऊ." कुठून बघणार ते कळल्यावर शेठ खुर्चीसकट मागे सरकले. "मग निदान शौचाचा नमुना द्या. डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात सापडतं." बाईंनी छोटी डबी दिली. शेठनी ती दोन बोटांत धरून थेट बबनच्या खिशात टाकली.

रिपोर्ट घ्यायला शेठबरोबर मीही गेलो होतो. बाई गंभीर होत्या. "रक्त आलंय. आता दुर्बीण घालावीच लागेल."

"मानूस धाडतो," शेठ म्हणाले.

"शेठ, इथे माणूस चालत नाही."

"या टायमाला मानूसच लागंल, बाई. डबी त्याचीच हाय."

दारात शेठच्या चपला धरून उभा असलेला बबन पांढराफटक पडला.

बबनच्या आतड्यात मांसाचा कोंब निघाला. त्याचा अजून कॅन्सर झाला नव्हता, दुर्बिणीतूनच कापून काढला. शेठनी पनवेलभर सांगितलं, "मी माजी डबी नाय दिली म्हून पोरगा वाचला." यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत.

बाईंनी शेठसाठी दुसरी डबी दिली. ती गाडीत गणपतीच्या मूर्तीशेजारी बसली. बबन रोज सकाळी संडासाच्या दाराशी उभा राहायचा. "शेठ, आज तरी." आतून आवाज यायचा, "उद्या." एकदा आतूनच म्हणाले, "तूच दे ना रं परत. तुजी आता साफ हाय."

"नाय शेठ," बबन म्हणाला. "बाकी काय पन सांगा." शेठना नाही म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ.

डबी उन्हात पिवळी पडली. शेठ अखेर बाईंकडे स्वतःच्या पायांनी गेले, तोवर रक्त डोळ्याला दिसत होतं आणि गाठ लिव्हरपर्यंत पोचली होती.

शेवटी शेठ काटकीसारखे झाले होते. पोटावर थाप मारायला पोट नव्हतं. बबनचा हात धरून हसत म्हणाले, "जाशील का रं माज्या जागी?"

"गेलो असतो, शेठ," बबन म्हणाला. त्याला हसता आलं नाही.

बबन आता बाई सांगतील तेव्हा स्वतः तपासणीला जातो. सोमवारी मात्र अजून वरीचे तांदूळच खातो. मी म्हटलं, "अरे, आता कोणासाठी?"

"शेठचाच हाय," तो म्हणाला. "पोचला म्हंजे झालं."