कदम काकांचं ग्राफिक्स कार्ड

कॉम्प्युटर कितीही नीट जोडा, शेवटी एक-दोन स्क्रू उरतातच. कुठले, कसे, देव जाणे. मशीन मस्त चालू आणि स्क्रू टेबलावर! आम्ही ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. नाशिकच्या जेल रोडवरचं आमचं दुकान बंद होऊन जमाना झाला, डबा अजून माझ्या कपाटात आहे. किश्श्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला घेतला की मागचे चार बाहेर येतात. बसा, चहा टाकलाय.

दुकान दोघांचं. मी काउंटरवर, म्हणजे बोलायला. मकरंद, आमचा मक्या, पडद्यामागे, म्हणजे जोडायला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. घरोघरी असेम्बल्ड कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्या मागोमाग गेम. साध्या मशीनवर गेम एकतर उघडायचाच नाही, नाहीतर त्यातली रेसची गाडी बैलगाडीसारखी चालायची. मग पोरं बापाला धरून आमच्याकडे आणायची आणि म्हणायची, स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड दाखवा.

महागडं कार्ड कुणीही विकेल हो, स्वस्तातलं विकायला अक्कल लागते. मक्याचा नियम असा की कार्ड दाखवायच्या आधी मशीनची पत्रिका बघायची. मदरबोर्ड कुठला, पॉवर सप्लाय कसा, मॉनिटर केवढा. मी गोड बोलून बोलून गिऱ्हाइकाला मोठ्या कार्डापर्यंत आणलेलं असायचं आणि हा पडद्याआडून मुंडकं काढून म्हणायचा, "पंधरा इंचाच्या खिडकीतून डोंगर केवढा दिसणार? बारकं घ्या."

माझं डोकं असं फिरायचं! मी मुळात तापट. पण मक्यावर ओरडून उपयोग नसायचा, तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच करायचा.

* * *

पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्षबागायतदार आले. सोबत अकरावीतला मुलगा. मुलानं आधीच घोकून ठेवलं होतं, एकशे अठ्ठावीस एमबी. मक्यानं दोन कार्डं काढून ठेवली. वडिलांनी एक या हातात घेतलं, एक त्या हातात, आणि डोळे मिटून तोलायला लागले.

"हे जड हाय. हे द्या."

मक्यानं समजावलं की जड लागतंय ते वरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीमुळे, आतला माल हलक्याचाच चांगला आहे, शिवाय स्वस्तही आहे. वडिलांना पटेना. द्राक्षाचा घड हलका लागला तर व्यापारी हात लावत नाय, म्हणाले. अर्धा तास हे चाललं. मुलगा रडकुंडीला आला. शेवटी मक्यानं दोन्ही कार्डं लावून गेम चालवून दाखवला. वडील बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ठीक हाय, हलकं द्या.

मी बिल करायला घेतलं तर ते हळूच पुढे वाकले. "पण खोकं त्या जडाचं द्या. पोरानं एवढंसं खोकं बसमधून उतरवलं तर गावात काय म्हणतील?"

दिलं की हो. वर भरायला वर्तमानपत्रंही दिली.

* * *

एक सर यायचे. नाव नको. दहावीच्या वर्गाला गणित शिकवायचे आणि घरी मुलाला. मुलानं "प्रोजेक्टसाठी" ग्राफिक्स कार्ड लागतं असं सांगितलं होतं. त्या काळात प्रोजेक्टसाठी काय काय लागायचं, विचारू नका! सरांना वास आला होता. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, असं कार्ड द्या ज्यावर प्रोजेक्ट चालेल पण गेम चालणार नाही.

मी हसू दाबत पडद्याकडे बघितलं. मक्या आतून म्हणाला, "सर, तसं कार्ड निघालं तर पहिलं माझी आई घेऊन जाईल."

सरांनी शेवटी साधंसं कार्ड नेलं. महिनाभरानं त्यांचा दुकानात फोन. आवाज एकदम खालचा. त्यांना विचारायचं होतं की त्या किल्ल्याच्या गेममध्ये दुसरा दरवाजा कसा उघडतात.

मी म्हटलं, सर, मुलाला विचारा ना. त्याला तोंडपाठ असेल.

"त्याला कसं विचारणार?" सर म्हणाले. "त्याला गेम खेळायची बंदी केलीये मी."

* * *

आता कदम काका. एसटीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी घाटात. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. पुण्याच्या मुलानं येऊन स्कूटरसुद्धा विकून टाकली. वर बापाला करमावं म्हणून आपला जुना कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्यासोबत बस चालवायच्या गेमची एक सीडी.

गेम उघडेना. म्हणून काका कॅबिनेट रिक्षात घालून आमच्याकडे आले. मक्यानं ते उघडलं. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाचच त्या मदरबोर्डवर नव्हती. स्वस्तातले बोर्ड असेच यायचे.

काकांनी चष्मा वर करून आत बघितलं. "म्हणजे इंजिन आहे, पण गिअरबॉक्स बसवायला जागा नाही. असंच ना?"

असंच होतं. नवा बोर्ड घ्यायचा तर सगळंच बदलावं लागणार, आणि पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. मुलाकडे मागणार नाही, हे काकांनी आधीच सांगून टाकलं. मक्या म्हणाला, साध्या खाचेत बसणारं जुन्या पद्धतीचं एक कार्ड असतं, आता नवं मिळत नाही, पण कुणाच्या जुन्या मशीनमध्ये सापडलं तर काम होईल.

"बघा बाबांनो," काका म्हणाले. "मला एकदा गाडी चालवायची आहे. चित्रातली का असेना."

मी उगीच टेबल पुसायला लागलो. तेव्हापासून काका दर रविवारी सकाळी यायचे, स्टुलावर बसायचे आणि कार्ड मिळालं का, हे अजिबात विचारायचे नाहीत.

* * *

स्टुलावर बसलेला माणूस गप्प थोडाच बसतो? काका गिऱ्हाइकांना सल्ले द्यायला लागले. एका कॉलेजच्या पोराचं कार्ड तापायचं आणि गेम मध्येच बंद पडायचा. मक्या पंखा बदलायचं म्हणत होता. काकांनी सांगितलं, खर्च कशाला, बॉनेट उघडं ठेव. पोरानं घरी जाऊन कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं. कार्ड गार, गेम चालू! काकांची मान ताठ.

डिसेंबर लागला. नाशिकची थंडी तुम्हाला काय सांगायची. पोरगा पुन्हा दुकानात आला आणि म्हणाला, नवं कॅबिनेट दाखवा. म्हटलं, का रे, जुन्याला काय झालं?

झालं होतं असं की घरची मांजर रोज त्या उघड्या कॅबिनेटमध्ये जाऊन, कार्डाला टेकून झोपायला लागली. पोरानं झाकण लावायला घेतलं तर आई आडवी आली. मांजर गाभण होती. आईनं सांगितलं, बाळंतपण होईपर्यंत झाकण लावायचं नाही, आणि मशीनही बंद करायचं नाही, तिला गार लागतं.

काका स्टुलावर बसून खाली बघत होते. नंतर बरेच रविवार त्यांनी कुणाला सल्ला दिला नाही.

* * *

एके दिवशी दुपारी काकू आल्या. एकट्याच. मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. हातात भाजीची पिशवी, चेहरा करारी. मी कदमांची बायको, म्हणाल्या, आणि स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ते कार्ड सापडलं तरी आम्ही सापडलं म्हणून सांगू नये. ऑपरेशनच्या दिवशी मी आठ तास दवाखान्याच्या बाकावर बसले होते, म्हणाल्या, पुन्हा बसायची ताकद नाही.

मक्या बाहेर आला. त्यानं समजावलं की काकू, ते नुसतं चित्र असतं. गाडी ठोकली तरी काही होत नाही.

"तुम्हाला चित्र असेल," काकू म्हणाल्या. "ते झोपेत गिअर टाकतात. मला माहितीये त्यांना काय असेल ते."

काकू गेल्यावर मी मक्याला म्हटलं, जाऊ दे, शोधायलाच नको. मक्या म्हणाला, मग रविवारी काकांच्या तोंडाकडे तू बघ, मी पडद्यामागे असतो.

* * *

कार्ड सापडलं ते आम्हाला नाही, काकांनाच. कळवणच्या फेरीवरच्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं बातमी आणली की तिथला एक सायबर कॅफे बंद होतोय आणि मशीन विकायला काढलीत. रविवारी आम्ही तिघं एसटीनं निघालो.

काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि दर घंटीला काकाही मान हलवत होते. वणीच्या पुढे वळणं लागली आणि मी बघतोय तर काकांचा उजवा पाय! प्रत्येक वळणाला तो फरशीवर दाबला जायचा. समोरचा तरुण ड्रायव्हर ब्रेक मारायचा त्याच्या जरा आधीच. डावा पायही मधूनमधून क्लच दाबत होता. शेजारच्या बाईनं आपली टोपली दोनदा सरकवून घेतली. मक्यानं मला कोपर मारलं. आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

कॅफेवाला भला माणूस. कोपऱ्यातलं सर्वांत जुनं मशीन मक्यानं उघडलं आणि आत तेच, साध्या खाचेतलं कार्ड! धुळीनं माखलेलं.

"चालू शे भाऊ, एकदम चालू शे," कॅफेवाला अहिराणीत म्हणाला. पैशाचं काढलं तर नको म्हणाला. त्याची दोन मशीन बंद पडली होती, ती चालू करून दिली तर कार्ड घेऊन जा. मक्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. संध्याकाळच्या गाडीनं परत येताना कार्ड काकांच्या मांडीवर, रुमालात बांधलेलं.

मी भीतभीत विचारलं, काकूंना सांगितलंय का? काका म्हणाले, तिला न सांगता मी आजवर काही केलेलं नाही. सकाळीच सांगितलं. काही बोलली नाही.

* * *

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही काकांच्या घरी कार्ड बसवायला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि तशाच आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातून मात्र त्यांना सगळं दिसत होतं.

मक्यानं कार्ड बसवलं. मशीन चालू. गेम उघडला. पडद्यावर स्टँड, स्टँडात बस, ड्रायव्हरच्या सीटवरून दिसते तशी काच. स्पीकरमधून इंजिनाची घरघर. मक्यानं कुठली बटणं काय करतात ते दाखवलं आणि काका खुर्चीत बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाठ सरळ, दोन्ही हात कीबोर्डवर, नजर समोर.

बस हलेना.

मक्या म्हणाला, हँग झालं. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा स्टँड, पुन्हा घरघर, काका बसले, आणि बस जागच्या जागी. मक्यानं कार्ड काढलं, त्याचे पितळी दात खोडरबरनं घासले, फुंकर मारली, परत बसवलं. पुन्हा तेच. इतके महिने थांबून, कळवणहून आणून, हे असं? मी मक्याकडे रागानं बघतोय, त्याला घाम फुटलाय. आणि काका? काका हूं नाही की चूं नाही. समोर बघत बसलेले.

"काका," मक्या म्हणाला, "कार्ड गेलंय बहुतेक."

तेव्हा काकू बाहेर आल्या. मला वाटलं, आता मशीन बंद करा म्हणतील. हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा होता आणि सांडशी. त्यांनी आम्हा दोघांना बाजूला सारलं, काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि सांडशीनं डब्यावर दोन ठोके दिले.

टण, टण.

काकांनी मान किंचित हलवली. बस सुटली. स्टँडाच्या फाटकातून सावकाश बाहेर पडली, उजवीकडे वळली आणि रस्त्याला लागली.

काकूंनी पदरानं हात पुसले, डबा मांडीवर घेऊन मागच्या पलंगावर बसल्या.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "मी आहे गाडीत."