आईनं रापण ओढली

मी नऊ वर्षं सिंधुदुर्गात, समुद्राला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत शिकवलं. माझं गाव राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वडशाकडचं, वैनगंगेच्या काठचं. नोकरीचा आदेश हातात पडला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "तिथी नदी हाये का?" समुद्र आहे म्हटल्यावर तिचा जीव थोडा खाली आला. पाणी आहे म्हणजे मासोळी आहे, आणि मासोळी आहे तिथं पोरगी उपाशी राहणार नाही, असं तिचं सरळ गणित.

आम्ही ढिवर, नदीत मासे धरणारे. वडील गेल्यावर डोंगा आणि जाळं आईनंच सांभाळलं. पहाटे नदीत, सकाळी बाजारात. वर धरण झालं आणि पाणी कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा ती दुसऱ्यांच्या धानात रोवण्याला जाऊ लागली. जाळं मात्र तिनं विकलं नाही. घरात खुंटीवर टांगलेलं असायचं. सुट्टीत मी गेले की दिसायचं, आणि आम्ही दोघी त्याविषयी बोलायचो नाही.

माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी, दसरा झाल्यावर, ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. दोन दिवसांचा प्रवास, तीन गाड्या बदलून. पिशवीत लाखोळीची डाळ आणि सुकवलेले झिंगे. मला हसू आलं. समुद्रावर राहणाऱ्या मुलीसाठी हिनं नदीचे झिंगे आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं म्हातारं जोडपं रापणीला निघालं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल सोडत जाते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते वाळूवर ओढून आणतात. आश्विनात समुद्र निवळतो, बांगडे, तारल्या काठाशी येतात. मी आईला बघायला नेलं.

ती थोडा वेळ उभी राहिली. दोर धरणाऱ्यांत बायाही होत्या, ते तिनं पाहिलं. मग लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि दोराला हात घातला.

"गे बाये, सोड तो! हात सोलतले!" शेजारचे म्हातारे ओरडले.

"माहे हात का नवे हायेत का भाऊ?" आई म्हणाली.

एकमेकांची भाषा दोघांनाही धड कळली नसावी, पण भांडण मात्र नीट जमलं. तासभर ती ओढत राहिली. इतरांच्या पावलात पाऊल टाकायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जाळं वाळूवर आलं, मासळी चांदीसारखी उसळली, आणि आई मटकन खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर ती रडत होती.

"एवढी मासोळी," ती म्हणाली. "तुह्या बापानं पायजे होती पाह्याले."

दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो. म्हाताऱ्यांनी तिच्या पदरात बांगडे घातले. ती नको नको म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना बघते तर ही माझ्याआधीच किनाऱ्यावर.

मग तिनं हट्ट धरला, आत जायचं. म्हातारे रविवारी गळ टाकायला खोल पाण्यात जायचे. बाईमाणूस होडीत नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको दारात मासे कापत होती. कोयती थांबवून म्हणाली, "नदयेवरची असली तरी आपल्याच धंद्यातली मा ती. व्हरा तिका."

म्हाताऱ्यांनी आम्हा दोघींना नेलं. खडक मागे पडले, माडांची रांग बारीक होत गेली, आणि मग एका बाजूला नुसती धूसर रेघ उरली. आई होडीची कड घट्ट धरून बसली होती.

"काठ कुठी गेला?" तिनं मला हळूच विचारलं.

मी बोट दाखवलं. तिनं दुसरीकडे बघितलं, जिथं काहीच नव्हतं. "आन तिकडचा?"

"तिकडचा नाही दिसत कुणालाच."

जन्मभर दोन काठांच्या मधे जगलेली बाई ती. मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं, थुंकली, आणि हसायला लागली. अशी हसताना मी तिला बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी तिच्या हाती गळाची दोरी दिली. हिसका बसला तेव्हा त्यांनी मदतीला हात पुढे केला, तो तिनं कोपरानं बाजूला सारला. वर आली ती तांबोशी, लालबुंद, हातभर लांब. "लाल मासोळी!" आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "गावात सांगन तं कोनी पटून नाई घेनार." शेजारणीनं ती तिला चिरून, मीठ भरून वाळवायला शिकवली. कार्तिक लागला, गावाकडं लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं, तशी ती तांबोशी फडक्यात गुंडाळून आई परत गेली.

त्यानंतर नवरात्र संपलं की तिचा फोन यायचा. माझी तब्येत नंतर, आधी "रापन लागली का?" पुढच्या वर्षी येते म्हणायची. पुढच्या वर्षी गुडघे सुजले.

मी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज कधीचा करून ठेवला होता, तिच्यासाठीच. नवव्या वर्षी तो मंजूर झाला. मी धावत घरी आले, आईला फोन लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग आता समुद्र गेला म्हनाचा."

निघताना म्हातारे स्टॉपवर आले नाहीत. त्यांची बायको आली, आणि तिनं आईसाठी सुक्या बांगड्यांची पिशवी दिली.

आता मी माझ्याच जिल्ह्यात, पण वैनगंगेपासून लांब, एटापल्लीकडच्या एका शाळेवर आहे. आई माझ्यासोबत राहते. रस्त्यावर खनिजाचे ट्रक, दोन्ही बाजूंना जंगल, आणि पाणी म्हणजे पावसाळ्यानंतर आटत जाणारा एक नाला. नऊ वर्षं मी किनाऱ्यावर बसून या जंगलाकडे डोळे लावले होते. मोहाचा वास, धानाचा वास, आईचा आवाज, सगळं हवं होतं. सगळं मिळालं. आणि आश्विन लागला की सकाळी जाग येते, तेव्हा कान लाटेचा आवाज शोधतात.

परवा अंगणात आम्ही चहा घेत होतो. आई म्हणाली, "तो अर्ज वापस घेतला असता तं?"

"तुझ्यासाठीच केला होता ना गं."

"मले काऊन नाई इचारलं मंग? मी आली असती तिकडं. कायमची."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "उन्हाळ्यात जाऊन येऊ."

"उन्हाळ्यात रापण नसते, आई."

"नसू दे," ती म्हणाली. "त्या बाईले भेटून येऊ."