पंगतीतलं माझं पान

"तुम्ही तिथे बसा," माईजी म्हणाल्या. तिथे म्हणजे दाराशी, जिथे सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. प्लास्टिकची खुर्ची, पुढे स्टूल, स्टुलावर ताट, ताटात चमचा. आत गणपतीच्या महाप्रसादाची पंगत बसत होती. झाशीतली बहुतेक सगळी मराठी घरं. कुणी मान वर केली नाही.

माईजी म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी. त्यांचं घराणं कारभाऱ्यांचं, आमचं शिपायांचं. दोघांचेही पूर्वज झाशीत आले मराठ्यांच्या एकाच फौजेबरोबर, पण हे अंतर अजून कुणी विसरलेलं नाही. त्यांच्या घरचे पूजेला बसतात, आमच्या घरचे वाढतात. लग्न होऊन आल्यापासून मीही वाढत आले. वरणभात, पुऱ्या, तूप. वाकून वाकून कंबर मोडायची. तेव्हा मला कुणी दाराशी बसवलं नाही. तेव्हा माझा हात चालत होता.

गेल्या हिवाळ्यात उजवं अंग गेलं. लकवा. चहाचं पातेलं हातातून सुटलं आणि मागोमाग मीही पडले. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा बंगळूरला. आमच्या प्रेमनगर वस्तीतल्या शेजारणीने दवाखान्यात नेलं. मुलगा आला, थोडे दिवस राहिला, परत गेला. नोकरी आहे त्याची. मला राग नाही असं सगळ्यांना सांगते. राग आहे.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला आधी कुशीवर वळायला शिकवलं, मग बसायला, मग काठी धरून चालायला. हात सगळ्यात हट्टी. "अकेली रहती हैं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "चलिए, अच्छा है। कोई खिलाएगा नहीं, तो हाथ चलेगा।" त्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन रडले. पण तसंच केलं. डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा आणि उजव्याने खायचं. भात बोटांतून गळायचा, वरण कोपरापर्यंत ओघळायचं. दुपारचं जेवण चहाच्या वेळेपर्यंत चालायचं. घास तोंडापर्यंत पोचला तरी सांगायचं कुणाला? भिंतीला सांगायचे. पलंगाचा पाय धरून जमिनीवर बसण्याचाही सराव केला. कितीदा आपटले. कशासाठी? तर गणपतीला मांडी घालून पंगतीत बसायचं होतं. चार माणसांत जेवायचं होतं. एवढंच हवं होतं मला.

आणि आता ही खुर्ची.

"मी खाली बसणार," मी म्हणाले. जीभ अजून जड आहे, दोनदा म्हणावं लागलं.

माईजी हसल्या, लहान मुलाला समजावताना हसतात तशा. "अहो, सांडतं ना तुमचं. ग्वाल्हेरहून पाहुणे आलेत. बरं दिसत नाही."

इतकी वर्षं त्यांच्या पाहुण्यांना वाढलं, ते बरं दिसत होतं. अंगाची लाही झाली माझ्या. काठी भिंतीला टेकवली, खांब धरला आणि रांगेच्या टोकाला बसले. धपकन. कुणीतरी पत्रावळ पुढे सरकवली. वाढून झालं, श्लोक झाला, जेवणं सुरू झाली.

आमच्यात शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही. मध्येच उठणं म्हणजे जेवणाऱ्याचा अपमान. हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं, मराठी धड बोलता येत नसलं तरी. सगळ्यांचं उरकलं. माझा भात निम्मा बाकी. लोक उष्टे हात वाळवत बसले. "भैया, ट्रेन छूट जाएगी हमारी," एक पाहुणा म्हणाला.

माईजी आल्या, माझ्याशेजारी वाकल्या. "डाव्या हाताने उरका ना पटकन. नाहीतर थांबा, मीच भरवते." आणि त्यांनी माझ्या पानात हात घातला. भात कालवला. घास माझ्या तोंडाशी आणला. सगळ्यांदेखत.

मी ओठ मिटून घेतले. मग बोलले.

"हात काढा, माईजी. हे माझं पान आहे."

शब्द साफ आले. आजारानंतर पहिल्यांदाच.

त्यांनी घास पानात टाकला. अध्यक्षांनी हात जोडले, "चलिए, उठते हैं." आणि पंगत उठली. सगळी. माझा चुलतदीरही उठला, माझ्याकडे न बघता गेला. त्याच्या जाण्याचं मला जास्त लागलं. उष्ट्या पत्रावळी आणि मी. मी पुढचा घास उचलला. झाडणारे आले, माझ्याभोवतीने झाडून गेले. पुरी तोडायला बोटांत जोर लागतो, तो माझ्यात नव्हता. तरी तोडली. पान स्वच्छ केलं.

निघताना माईजींनी गाठलं. "पुढच्या वर्षी ताट घरीच पाठवू. तुम्हाला त्रास नको."

पाठवा. आल्या पावली परत जाईल. मी येणार. खाली बसणार, उजव्या हाताने जेवणार, सांडत सांडत जेवणार. हात सुधारला तरी येणार, नाही सुधारला तरी येणार. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी खुशाल उठावं. एकटीने जेवायची मला सवय आहे.