उभा बाजार

यवतमाळातला माझा तिसराच दिवस. छप्पन साल, दिवाळी नुकतीच सरलेली. मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी वर्ध्याहून एकटी आले होते आणि उशीर झाल्यामुळे मेन लाईन या बाजाररस्त्यातून जवळजवळ पळतच निघाले होते. बाजाराचा दिवस होता. कापसाच्या बैलबंड्या, टांगे, हमालांच्या हाका, बांगडीवाल्यांची भांडणं, असा सगळा गलका. आणि एकाएकी तो गलका बंद पडला. म्हणजे पार बंद. तराजू धरलेला हात तराजू धरून तसाच राहिला, पागोट्याला गेलेला हात पागोट्यावरच. कोणी बोलेना, कोणी खोकेना. मला वाटलं, कोणीतरी फार मोठं माणूस गेलं. मी घाबरून आणखी झपझप चालू लागले, तर वरून आवाज आला, "ओ बाई! थांबा ना जी! काच वाया गेली न माही!"

टांग्याच्या घोड्यांना पाणी पाजायचा एक दगडी हौद तिथे होता. त्याच्या रुंद कठड्यावर लाकडी कॅमेरा रोवून एक लांबलचक माणूस उभा होता. अंगात काळा कोट, एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याच्या भिंगाचं पितळी झाकण. हे दौलतराव फोटोवाले. मी ओशाळून होते तिथेच खिळले. त्यांनी कॅमेऱ्यात फोटोची दुसरी काच चढवली, छत्री वर केली, आणि अख्खा बाजार पुन्हा मुकाट्याने उभा राहिला. धान्य मोजणारे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, तसं दौलतरावांनी मोजलं. "लाभ... दोन... तीन... चार... पाच." झाकण लागलं, छत्री खाली आली, आणि सगळे जणू काही झालंच नाही असे पुन्हा भांडू लागले.

पुढे मला त्यांच्याच स्टुडिओच्या वरची खोली भाड्याने मिळाली आणि या प्रकाराचा उलगडा झाला. लग्नामुंजींसाठी दौलतरावांकडे लहान, नवा कॅमेरा होता. पण वर्षातून एकदा, कापसाच्या दिवसांत, ते बापाच्या वेळचा लाकडी कॅमेरा घेऊन त्याच हौदावर चढत आणि मेन लाईनचा एक फोटो काढत. त्या कॅमेऱ्याला पाच आकडे उजेड पाजावा लागे. "लहान कॅमेऱ्यात बाजार मावते जी," ते म्हणत, "पण उतरत नाही." आणि मी त्या पहिल्या काचेत कशी दिसते म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही त्यात नाहीच. चालणारा माणूस याले दिसतच नाही. हाललेला दिसते, पण धुरासारखा. उभा राह्यला तोच खरा."

हे त्यांचं आवडतं मत. त्यावरून ते माणसाची पारख करत. अमक्याची सोयरीक कशी, विचारा, "बरा आहे पोरगा, पण बूड टिकत नाही, फोटोत डोकं दोनदा आलं." पाच आकडे ज्याला उभं राहता येत नाही त्याला माणूस कायले म्हणायचं, असा त्यांचा रोकडा सवाल असे. कापड दुकानाचे शेटजी दर वर्षी नवा कोट घालून दुकानापुढे खांबासारखे उभे राहत. दौलतरावांच्या लेखी तो गावातला पहिल्या नंबरचा माणूस.

एकदा त्यांनी मला काळ्या फडक्याखाली डोकं घालायला लावलं. आतल्या काचेवर मेन लाईन उलटी लटकत होती. बंड्यांची चाकं वर, आभाळ खाली, आणि सगळ्याला असा रंग की बाहेरच्या बाजाराला तो नव्हताच. लाल ओढण्या, पिवळं ऊन, पांढरा कापूस, आणि हे सारं आवाज न करता हलत होतं. दोन वर्षं मी याच रस्त्याने नाक दाबून जात होते. मी फडक्यातून बाहेर आले तेव्हा दौलतराव एवढंच म्हणाले, "दिसलं ना? मंग झालं."

अठ्ठावन्न सालचा फोटो त्यांचा सगळ्यात लाडका होता. त्यात डाव्या अंगाला, कापड दुकानासमोर, एका बंडीचा पांढरा बैल आला होता. इतर सगळे बैल कान, शेपट्या हलवून फिसकटलेले; हा मात्र दगडात कोरल्यासारखा स्वच्छ. येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंग देऊन ते म्हणत, "पापणी मोजा!" पण त्या बैलाच्या गळ्याशी एक करडा डाग होता. कोणीतरी माणूस हाललेला. दौलतराव त्याला भूत म्हणत आणि त्याच्या नावाने जळत. शेवटी स्टुडिओत टांगायच्या प्रतीवर त्यांनी बारीक कुंचला चालवला आणि त्या भुताला दुकानाच्या ओट्याच्या सावलीत मिसळून टाकलं. इतकं बेमालूम, की मीही त्यांची वाहवा केली.

साठ साली, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. रविवार होता, मी खाली स्टुडिओत वर्तमानपत्र वाचत बसले होते. दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची बाई छोट्या रेल्वेगाडीने आली होती. वय माझ्याएवढंच. तांड्यावरच्या सवाष्णी घालतात ते पांढरे चुडे हातात नव्हते, त्यावरून मला कळलं ते कळलं. कडेवर दीडेक वर्षांची मुलगी. दारातूनच म्हणाली, "बाजाराचा फोटू हितंच हाय का?"

"हितंच हाय, माय. ये," दौलतराव म्हणाले.

"हिचा बाप हाय त्यात." तिने मुलीकडे बोट केलं. "घरी येऊन सांगत होता, सारा बाजार उभा केला अन् माहाही फोटू काढला. कापडाच्या दुकानापुढं, आपल्या पांढऱ्या बैलाजवळ. मंग महिन्याभरात तापानं गेला. ही तवा पोटात होती. दुसरा फोटू नाही त्याचा. हिले तोंड दाखवाचं हाय एकडाव."

भिंतीवरच्या फोटोपुढे ती जाऊन उभी राहिली. बैल तिने लगेच ओळखला, खुदकन हसलीसुद्धा. मग तिचं बोट बैलाच्या गळ्याजवळ गेलं, तिथे फिरलं, पुन्हा फिरलं. "हितंच पाह्यजे," ती म्हणाली. "तो खोटं नाही सांगाचा."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, दौलतराव म्हणतील, नसेल आला बाई, तुझी काहीतरी चूक होते. किती सोपं होतं ते! तिला काय कळणार होतं? दौलतरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"होता, माय. म्या पुसला त्याले."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. दौलतराव आत गेले, काचांच्या पेटीतून अठ्ठावन्नची काच काढून आणली आणि खिडकीशी धरून तिला तो डाग दाखवला. "मूळ काच शाबूत हाय. पण तोंड नाही येणार, माय. तो हालला. दोन घंटे थांब, जेवढा उरला हाय तेवढा मोठा करून देतो."

ती ओट्यावर बसून राहिली. मी तिला आणि पोरीला भाकर-पिठलं खाऊ घातलं. दौलतराव अंधारखोलीतून बाहेर आले तेव्हा पाटीएवढा ओला कागद त्यांच्या हातात होता. बैलाचं मुस्कट, आणि त्याच्या बाजूला नुसता धूर. खांद्यांच्या जागी धूर, तोंडाच्या जागी धूर. माझ्याने बघवेना. पण ती खाली बघत होती. धुराच्या खाली, धुळीत, दोन पाय होते. अगदी स्वच्छ. नखं मोजावीत इतके.

"करंगळी नाही," ती म्हणाली. "डाव्या पायाची. कुऱ्हाडीनं तुटली होती." मग तिचा आवाज चढला. "हाच हाय! हाच हाय वं, पाह्य, तुहा बा!" पोरीचा इवला हात धरून तिने त्या पायांवर ठेवला.

दौलतराव चाचरत म्हणाले, "सारे उभे होते न माय. हाच काहून हालला, कोण जाणे."

त्यावर ती अशी उसळली, की मी दचकले. "हालन नाही त का करन? बैल उभा ठेवाचा होता ना! गळ्याखाली खाजवल्याबिगर, बोलल्याबिगर तो बैल निमिषभर उभा नाही राहत. माणसाले तुम्ही सांगतलं उभं राह्य म्हणून. बैलाले कोण सांगन?"

दौलतरावांनी फोटो हातात घेतला. भिंगाने बैलाची पापणी बघितली, मग तो धूर बघितला, मग पुन्हा पापणी. सगळ्या बाजाराने आपापला देह सांभाळला होता, आणि एकाने दुसऱ्या जिवाला उभं धरताना स्वतःचं तोंड घालवलं होतं. मी त्या कागदाकडे पाहत राहिले. इतकं मोठं काही आपण या गावात बघू असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं. "खाली लिहितो."

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं. माझ्या आईनेही वडिलांचं कधी घेतलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या कानात सांग. तिने नको म्हणून मान हलवली. ओढणी सारखी केली, फोटोतल्या पायांवर कपाळ टेकलं, आणि सरळ उभी राहून, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सोमला."

ती गेल्यावर दौलतरावांनी भिंतीवरचा तो फोटो उतरवला, मूळ काचेवरून नवी प्रत काढली, धुरासकट, आणि खाली पांढऱ्या शाईने लिहिलं, 'मेन लाईन, यवतमाळ. बैलाजवळ सोमला.' नंतरच्या वर्षीही ते हौदावर चढले, छत्री वर केली, लाभ म्हणून मोजलं. फक्त कोणाचं डोकं दोनदा आलं तर त्यावर बोलणं त्यांनी सोडून दिलं.

कापड दुकानाच्या शेटजींना मात्र ते नाव खुपलं. एक दिवस ते मुद्दाम स्टुडिओत आले. "दौलतराव, इतकी वर्षं मी कोट घालून उभा राहून राह्यलो. एकदा हाललो असन त सांगा. माहं नाव कोठीच नाही, अन् या डागाले नाव?"

दौलतराव फ्रेमची काच पुसत होते. ते वळलेही नाहीत.

"शेटजी," ते म्हणाले, "तुम्ही नुसते उभे होते जी."